हॉट चॉकलेट चहासारखं नको, पिठल्यासारखं करा

कोरेगावहून एका ताईंनी विचारलंय: "थंडी पडली की मुलं हॉट चॉकलेट मागतात. मी उकळत्या दुधात कोको पावडर आणि साखर घालते. वर गुठळ्या तरंगतात आणि कप संपत आला की तळाशी मातीसारखा गाळ उरतो. महाबळेश्वरला प्यालो होतो तसं दाट काही होत नाही. साखरेऐवजी गूळ घातला तर दूधच फाटलं. एकदा चॉकलेट वितळवून घालायला गेले तर त्याचा घट्ट गोळा झाला. घरी म्हशीचं दूध येतं. माझं नेमकं चुकतं कुठे?"

ताई, साताऱ्यात मी गेली १९ वर्षं केक आणि चॉकलेटचे वर्ग घेते. दिवाळी उरकून हवेत गारठा आला की पहिला वर्ग हॉट चॉकलेटचाच असतो, आणि दर वर्षी कुणी ना कुणी हेच प्रश्न घेऊन येतं. म्हणून सवडीने लिहिते. उत्तर लांबेल, पण कारण एकदा हाताला कळलं की कृती पाठ करावी लागत नाही.

गुठळ्या, गाळ आणि पाणचटपणा या तिन्ही तक्रारींचं मूळ एकच आहे. आपण हॉट चॉकलेट चहासारखं करायला जातो. ते पिठल्यासारखं करायला हवं.

चहाची पावडर उकळली की अर्क पाण्यात उतरतो आणि चोथा गाळणीत राहतो. दुधात घालायच्या तयार पावडरी चमच्याने ढवळल्या की विरघळतात, कारण त्यांत साखर भरपूर असते. कोको पावडर मात्र विरघळत नाही, कितीही ढवळा. ते एक पीठ आहे. कोकोच्या बिया आंबवतात, वाळवतात, भाजतात, टरफलं काढून वाटतात. वाटताना त्यांतलं तूप सुटतं आणि पातळ लगदा होतो. तो दाबून कोको बटर बाहेर काढलं की मागे राहते ती पेंड, आणि ती दळली की झाली कोको पावडर. घाण्यावर शेंगदाण्याचं तेल निघाल्यावर पेंड उरते ना, तोच प्रकार. बियांतलं तूप असं दाबून काढायच्या पद्धतीचं पेटंट नेदरलँड्समध्ये व्हॅन हाउटेन यांनी १८२८ साली घेतलं. त्याआधी चॉकलेटचं पेय म्हणजे वर तुपाचा तवंग आलेलं, पचायला जड असं काहीतरी असायचं.

दाबूनही सगळं तूप निघत नाही. साध्या कोको पावडरीत १० ते १२ टक्के स्निग्धांश उरतो, चांगल्या पावडरीत २० ते २२ टक्के. ही स्निग्धता पाण्याला लवकर जवळ येऊ देत नाही, म्हणून पावडर वर तरंगते. शिवाय तिच्यात स्टार्च असतो. एकदम कडक दूध लागलं की गोळीचं बाहेरचं आवरण फुगून चिकट होतं आणि आतली पावडर कोरडीच राहते. फोडणीच्या उकळत्या पाण्यात बेसन एकदम ओतलं तर काय होतं, ते तुम्हाला मी सांगायला नको. तिथे आपण आधी पीठ पाण्यात कालवून घेतो, गुठळ्या मोडतो, मग ओततो आणि झाकण ठेवून वाफ काढतो. न शिजलेलं पिठलं खाली बसतं आणि वर पाणी सुटतं. शिजलेलं पिठलं एकजीव राहतं. कोकोचंही अगदी तसंच आहे.

आता कृती. दोन मोठ्या कपांसाठी बेकिंगच्या मापाच्या मोठ्या चमच्याने, म्हणजे १५ मिलीच्या चमच्याने, दोन सपाट चमचे कोको घ्या. साधारण १२ ते १४ ग्रॅम भरतो. साखर तेवढेच दोन चमचे, म्हणजे २५ ग्रॅम. चिमूटभर मीठ. ५ मिलीच्या छोट्या चमच्याने एक सपाट चमचा कॉर्नफ्लोअर. आणि ४० ग्रॅम डार्क चॉकलेट, सुरीने बारीक चिरलेलं. पोहे खायचा चमचा वापरलात तर हरकत नाही, पण प्रत्येक घरातला चमचा वेगळा असतो. एकदा वजनकाट्यावर तोलून तुमच्या चमच्याचं माप समजून घ्या, मग जन्मभर काटा लागणार नाही.

रिकाम्या पातेल्यात कोको, साखर, मीठ आणि कॉर्नफ्लोअर कोरडंच एकत्र करा. कोको चाळून घेतला तर उत्तम. साखरेचे दाणे कोकोच्या कणांमध्ये शिरून त्यांना एकमेकांपासून सुटं ठेवतात, त्यामुळे अर्धं काम इथेच होतं. आता कोमट पाणी. एकदम नाही, आधी दोनच चमचे. चमच्याच्या पाठीने पातेल्याच्या कडेला घासत राहा. सुरुवातीला खरखरीत, मातकट दिसेल. घाबरू नका, घासत राहा. मिनिटभरात ते चकचकीत होतं. मग आणखी दोन चमचे पाणी, पुन्हा घासणं. धिरड्याच्या पिठाइतकं सैल झालं की पातेलं मंद आचेवर ठेवा आणि सतत ढवळत त्याला बुडबुडे येऊ द्या. अर्धा मिनिट पुरे. याच वेळी घरभर वास सुटतो. तूप वितळलं, पावडर पाणी प्यायली, असं तो वास सांगतो. दुधात थेट घातलेल्या कोकोला हा वास कधीच येत नाही. कोको निम्मा वापरूनही तुमचं पेय दुप्पट चॉकलेटी लागेल ते या अर्ध्या मिनिटामुळे.

आता दूध घाला, त्याचं माप पुढे म्हशीच्या दुधाच्या हिशेबात सांगते. सुरुवातीला वाटीभर, ढवळून एकजीव झालं की उरलेलं. उकळी येईपर्यंत ढवळा आणि उकळी आल्यावर मंद आचेवर दोन ते तीन मिनिटं शिजू द्या. ही दोन मिनिटं सगळेच चोरतात, आणि गाळ बसतो तो इथेच. कॉर्नफ्लोअर आणि कोकोतला स्टार्च फुगायला तेवढा वेळ लागतोच. चमचा बाहेर काढून त्याच्या पाठीवर बोटाने रेघ ओढा. रेघ तशीच राहिली की झालं. गॅस बंद करा, मिनिटभर थांबा, मग चिरलेलं चॉकलेट घाला आणि झाकून ठेवा. आणखी एक मिनिटाने ढवळलंत की ते आपोआप विरघळलेलं असेल.

कॉर्नफ्लोअरऐवजी मी हल्ली बहुतेक वेळा नाचणीचं सत्त्व वापरते. जावळी, पाटणच्या डोंगरातली नाचणी आपल्या हाताशी असते, रंगही चॉकलेटला साजेसा, आणि अंबिलीसारखा एक गुळगुळीतपणा येतो जो कॉर्नफ्लोअरला येत नाही. एक मात्र बघा. मोड आणलेल्या नाचणीचं पीठ असेल तर दाटपणा फार कमी येतो, कारण मोड येताना दाण्यात जी पाचकं तयार होतात ती स्टार्च तोडतात. बाळाची पेज पातळ आणि पचायला हलकी व्हावी म्हणून आपण मोडाची नाचणी घेतो त्याचं कारण हेच. इथे साध्या नाचणीचं सत्त्व हवं, आणि ते कॉर्नफ्लोअरपेक्षा मिनिटभर जास्त शिजवायला हवं, नाहीतर कच्चट चव राहते.

तुमचं म्हशीचं दूध. यात चूक काही नाही, पण त्याला थोडं आवरावं लागतं. गाईच्या दुधात स्निग्धांश साडेतीन-चार टक्के असतो, म्हशीच्या दुधात सहा-सात टक्के. त्यात कोकोचं तूप, त्यात चॉकलेटचं तूप. जिभेवर थर बसतो आणि तो थर चॉकलेटची चव दाबून टाकतो. मग चव येत नाही म्हणून आपण अजून कोको घालतो, तो कडू होतो, म्हणून अजून साखर. माझा हिशेब असा: ३०० मिली म्हशीचं दूध आणि १०० मिली पाणी, यात पेस्ट करायला वापरलेलं पाणीही धरलं. पाणी घालायला बायकांचं मन धजत नाही. पाहुण्याला पाणी घातलेलं दूध कसं द्यायचं, असं वर्गात हमखास कुणीतरी म्हणतं. मी दोन कप शेजारी ठेवते, एक निव्वळ म्हशीच्या दुधाचा आणि एक पाणी घातलेला, आणि कुठला कुठला ते सांगत नाही. आजवर प्रत्येक वर्गात दुसरा कप आधी संपलाय. गाईचं दूध असेल तर पेस्टपुरतं पाणी सोडून वेगळं पाणी घालू नका.

साय आधीच काढून घ्या. ती टाकायची नाही. फ्रीजमध्ये गार करून चमच्याने चार-पाच वेळा फेटा, त्यात चमचाभर पिठीसाखर घाला आणि कपात वरून सोडा. विकतच्या क्रीमसारखी ती फुगत नाही, पण चव तिच्यापेक्षा कितीतरी चांगली. फार फेटू नका, लोणी सुटेल.

आता तो चॉकलेटचा गोळा. तुम्ही लिहिलेलं नाही, पण बहुधा भांड्याला पाण्याचा थेंब लागलेला होता, किंवा खालच्या उकळत्या पाण्याची वाफ आत गेली. चॉकलेट म्हणजे कोको बटरमध्ये मिसळलेले साखरेचे आणि कोकोचे अतिशय बारीक कण. पाण्याचा लवलेशही त्यात नसतो. दोन-चार थेंब पाणी पडलं की साखरेचे कण ओले होऊन एकमेकांना चिकटतात आणि सगळं मिळून घट्ट होतं. यात गमतीची गोष्ट अशी की थोडं पाणी चॉकलेट बिघडवतं आणि जास्त पाणी ते सुधारतं. पुन्हा असा गोळा झाला तर टाकू नका. दोन-तीन चमचे कडकडीत दूध घालून जोरात घोटा, पुन्हा गुळगुळीत होईल. केकवर लावायला ते चालणार नाही, पण हॉट चॉकलेटला उत्तम. आणि मुळात या पेयासाठी चॉकलेट वेगळं वितळवायची गरजच नाही. बारीक चिरून गरम दुधात टाका, बास.

पण चॉकलेट कुठलं, हा प्रश्न त्याहून मोठा आहे, आणि इथे मी थोडी हट्टी आहे. केकचं साहित्य मिळणाऱ्या दुकानांत ज्या मोठ्या लाद्या स्वस्तात मिळतात, त्या बहुतेक वेळा कंपाउंडच्या असतात. पाकीट उलटून घटक वाचा. कोको बटर लिहिलं असेल तर ते चॉकलेट. कोको बटरच्या जागी हायड्रोजनेटेड वनस्पती तेल किंवा दुसरं कुठलं तेल लिहिलं असेल तर ते कंपाउंड. कोको बटर साधारण ३४ अंशांना वितळतं, म्हणजे आपल्या अंगाच्या उष्णतेपेक्षा थोडं कमीच, म्हणून खरं चॉकलेट तोंडात ठेवताच विरघळतं. कंपाउंडमधली तेलं बऱ्याचदा त्याहून जास्त तापमानाला वितळतात. कप गार होऊ लागला की वर तेलकट साय धरते आणि टाळूला मेणचटपणा जाणवतो. केकवर नक्षी करायला कंपाउंड सोपं पडतं, मीही वापरते. प्यायच्या चॉकलेटमध्ये मात्र ते घालू नका. खरं चॉकलेट परवडत नसेल त्या दिवशी नुसत्या कोकोचं करा. चांगल्या कोकोचं, नीट शिजवलेलं साधं पेय कंपाउंडच्या दाट पेयाहून शंभर पटींनी बरं. ५० ते ६० टक्के कोको असलेलं डार्क चॉकलेट लहान-मोठ्या सगळ्यांना चालतं. ७०च्या वर गेलात तर मुलं नाक मुरडतात.

कोको पावडर घेतानाही पाकीट वाचा. आपल्याकडच्या नियमाप्रमाणे जो घटक सर्वांत जास्त, तो यादीत पहिला असतो. ड्रिंकिंग चॉकलेटच्या डब्यावर पहिलं नाव साखरेचं असेल तर तुम्ही कोकोच्या पैशांत साखर आणताय. नुसता कोको दोन प्रकारचा मिळतो. एक साधा, तांबूस, जरा आंबट. दुसऱ्यावर क्षाराची प्रक्रिया केलेली असते. तो गडद, सौम्य आणि कमी आंबट असतो. अशा पाकिटावर अल्कलाइज्ड किंवा डच प्रोसेस्ड असे शब्द असतात, किंवा घटकांत ५०० वा ५०१ असे आकडे असतात. दुधात घालायला हा दुसरा प्रकार चांगला, आणि तुम्हाला गूळ घालायचा असेल तर मी म्हणेन हाच घ्या.

गुळाचं दूध का फाटतं? दुधातली प्रथिनं आंबटपणाला घाबरतात. गूळ थोडा आंबट असतो, त्यात उसाच्या रसातली खनिजंही असतात. जुना, ओलसर झालेला गूळ तर आणखी आंबट. साधा कोकोही आंबट. त्यात दूध सकाळचं असून संध्याकाळी तापवलेलं असेल, तर तेही फाटण्याच्या काठावर आलेलं असतं. तिन्ही एकत्र आले आणि वर खळखळून उकळी, मग दुसरं काय होणार? गुळाची खीर करताना आपल्या आज्या गॅस बंद करून, खीर जरा निवल्यावर गूळ घालायच्या, ती रीत इथेही पाळायची. मी गूळ आणि कोको दूध न घालता वेगळ्या पातेल्यात शिजवते. चिरलेला गूळ ४० ग्रॅम, पाणी अर्धी वाटी. गूळ विरघळला की गाळून घ्यायचा. कराडच्या बाजारातला चांगला गूळ असला तरी गाळाच, कचरा निघतोच. त्या पाकात कोको कालवायचा आणि दोन मिनिटं शिजवायचा. दुसरीकडे दूध कॉर्नफ्लोअर लावून शिजवून घ्यायचं, गॅस बंद करायचा, पाच मिनिटं थांबायचं, मग पाक त्यात बारीक धारेने ओतत ढवळायचं. त्यानंतर पुन्हा उकळी आणायची नाही. कॉर्नफ्लोअर लावलेलं दूध फाटायलाही जरा अडून बसतं, तेवढी सुरक्षितता. काही जणी सोड्याची चिमूट घालतात. दूध फाटत नाही हे खरं, पण सोडा किंचित जास्त झाला की साबणासारखी चव येते, म्हणून मी घालत नाही. गुळाचं हॉट चॉकलेट रंगाने जरा मातकट दिसतं. चवीला मात्र त्याला काकवीची एक खोली येते, आणि माझ्या घरात तेच जास्त मागतात.

तुम्ही कोरेगावच्या, म्हणजे आल्याच्या गावच्या. पुढचा प्रश्न आल्याचा येणार, म्हणून आधीच सांगते. चॉकलेट आणि आलं ही जोडी फार सुरेख जमते. पण ताजं आलं किसून कोमट दुधात घातलंत तर तेही फाटेल, आणि याचं कारण आंबटपणा नाही. ताज्या आल्यात प्रथिनं तोडणारं पाचक असतं. दूध ६०-७० अंशांच्या आसपास असताना ते जोरात काम करतं. उकळीत ते निकामी होतं. चहात आलं आपण आधी पाण्यात उकळतो, मग दूध घालतो, त्यामुळे आपल्याला याचा त्रास कधी जाणवत नाही. इथेही तेच करा. पेस्टसाठी जे पाणी घेणार त्यात अर्धा इंच ठेचलेलं आलं तीन-चार मिनिटं खळखळ उकळा, गाळा, आणि ते आल्याचं पाणी कोमट झालं की त्यात कोको कालवा.

बाकी मसाल्यांत माझं मत पहिलं जायफळाला. कॉफीत जायफळ घालायची आपल्याकडची जुनी रीत आहे आणि ती चॉकलेटलाही तशीच्या तशी लागू पडते. दोन कपांना सहाणेवर दोन वेढे, शेवटी. वेलदोडा चालतो, पण तो चॉकलेटवर कुरघोडी करतो आणि पेय बासुंदीकडे झुकतं. दालचिनीचा तुकडा दुधात उकळून काढून टाकावा. इन्स्टंट कॉफीची चिमूट घातलीत तर कॉफीची चव न येता चॉकलेट गडद लागतं. मोठ्यांसाठी ब्याडगी मिरचीचं एक बी काढलेलं टरफल दुधात दोन मिनिटं ठेवून बघा. हे ऐकून वर्गात सगळ्या हसतात, पण मेक्सिकोत युरोपीय लोक पोचण्याआधी हे पेय मिरची घालूनही प्यायचे, बिनसाखरेचं. साखर त्यात स्पेनचे लोक आल्यावर पडली.

आणि कंदी पेढा. साताऱ्याला राहून हे सांगितलं नाही तर माझं मलाच बरं वाटणार नाही. आपला पेढा तपकिरी असतो कारण खवा खरपूस होईपर्यंत भाजलेला असतो, आणि इतर पेढ्यांपेक्षा त्यात साखर कमी असते. भाजलेल्या दुधाचा तो खमंगपणा आणि भाजलेल्या कोकोचा खमंगपणा एकाच घरातले वाटतात. दोन कपांना दोन पेढे. साखर निम्मी करा, चॉकलेट ४० ऐवजी २५ ग्रॅम, कॉर्नफ्लोअर अजिबात नको. पेढे कुस्करून अर्धी वाटी गरम दुधात दहा मिनिटं भिजू द्या, मग बोटांनी किंवा मिक्सरमध्ये फिरवून बारीक करा, नाहीतर खव्याचे दाणे जिभेला रवाळ लागतात. कोको शिजवून दूध घातलं की हे मिश्रण घाला आणि मंद आचेवर दोन मिनिटं ठेवा. दिवाळीनंतर डब्यात दोन-चार पेढे कडक होऊन पडलेले असतात, त्यांना याहून चांगली जागा नाही.

फेसासाठी यंत्र आणू नका. ताकाची लाकडी रवी घ्या, दोन्ही तळव्यांत धरून अर्धा मिनिट फिरवा. मेक्सिकोत चॉकलेट फेसाळायला मोलिनिलो नावाचं लाकडी साधन वापरतात. तेही असंच दोन तळव्यांत घुसळतात. पहिल्यांदा त्याचं चित्र पाहिलं तेव्हा मला आईची रवीच दिसली. रवी नसेल तर दोन भांड्यांत उंचावरून ओता, टपरीवर चहा निववतात तसं. त्या देशातले जुने लोकही फेस यावा म्हणून एका भांड्यातून दुसऱ्यात उंचावरूनच ओतायचे.

तुम्ही कधी जास्त लोकांसाठी करणार असाल तर माझी एक चूक ऐका. वर्ग सुरू करून दुसरंच वर्ष होतं. एका शाळेच्या कार्यक्रमाला ६० जणांचं हॉट चॉकलेट करायचं मी आनंदाने कबूल केलं. मोठं ॲल्युमिनियमचं पातेलं, मोठा शेगडा, सगळं दूध एकदम वर ठेवलं, त्यात पेस्ट ओतली आणि चॉकलेटही आचेवरच टाकलं. चॉकलेट जड, ते तळाशी गेलं आणि मी झारा घेऊन येईपर्यंत बुडाला धरलं. करपट वास सगळ्या दुधात उतरला. १२ लिटर दूध गेलं, मुलांना शेवटी साधं साखर-दूध दिलं. आजही ते आठवलं की वाईट वाटतं, कारण मुलं सकाळपासून वाट बघत होती. तेव्हापासून नियम ठेवलाय. पेस्ट आणि चॉकलेटचा दाट रस्सा लहान पातेल्यात वेगळा करायचा, दूध वेगळं तापवायचं, आणि ऐन वेळी दोन्ही एकत्र करायचं. गरम ठेवायला पातेलं थेट आचेवर न ठेवता गरम पाण्याच्या परातीत ठेवायचं. दोन कप करतानाही पातेलं जाड बुडाचं घ्या, आणि दूध वेगळं तापवणार असाल तर ते ओतण्याआधी रिकामं पातेलं पाण्याने विसळून घ्या, बुडाला लागणं बरंच कमी होतं.

नोकरीवर जाणाऱ्या मैत्रिणींसाठी मी हाच दाट रस्सा करून ठेवायला सांगते. २०० ग्रॅम चॉकलेट बारीक चिरून त्यावर १०० मिली कडकडीत दूध ओतायचं, दोन मिनिटं झाकायचं, मधून बाहेर गोल ढवळत एकजीव करायचं, चिमूटभर मीठ. झाकणाच्या डब्यात फ्रीजमध्ये चार-पाच दिवस छान राहतं. कपभर गरम दुधात दोन मोठे चमचे घातले की झालं. घाईच्या दिवशी हे सोयीचं; रविवारी मात्र कोको शिजवूनच करा.

मुलांना कधी द्यायचं, तेही सांगते. कोकोत थोडं कॅफीन आणि त्याच्याच जातीचं थिओब्रोमीन असतं. फार नाही, पण लहान मुलाला झोपायच्या तोंडावर दिलं तर डोळे टक्क राहू शकतात. शाळेतून आल्यावर, पाच-सहाच्या सुमाराला द्या. दाट पेय चहापेक्षा जास्त वेळ गरम राहतं आणि वर वाफ दिसत नाही, त्यामुळे जीभ पोळते. मुलांच्या हातात देण्याआधी स्वतः एक घोट घेऊन बघा. घरात कुत्रा असेल तर उरलेला कप त्याला चाटू देऊ नका. थिओब्रोमीन माणसाला चालतं, कुत्र्याला ते विष आहे.

वर साय धरत असेल तर कप लगेच भरा आणि ओतण्याआधी एकदा रवी फिरवा. फेस असला की साय सहसा धरत नाही. स्ट्रॉबेरी घालू का, असंही थंडीत विचारलं जातं, कारण डिसेंबरपासून महाबळेश्वरची फळं साताऱ्यात ढिगाने येतात. पेयात घालू नका, आंबट फळ आहे, गुळाचीच गत होईल. बाजूला वाटीत द्या, आणि कपातल्या दाट चॉकलेटमध्ये बुडवून खाऊ द्या.

पहिल्यांदा करताना साखर घालूनच करा ताई, गूळ नको. एकदा पेस्टचा वास आणि चमच्यावरची रेघ ओळखता आली की मग गुळाकडे वळा. आणि उरलं तर सकाळी ते पुडिंगसारखं घट्ट झालेलं असेल, बिघडलं असं समजून टाकू नका. दोन-तीन चमचे दूध घालून मंद आचेवर ढवळत गरम केलं की पुन्हा पूर्ववत होतं. आमच्याकडे तर ते गरम होईपर्यंत टिकतच नाही, फ्रीजसमोर उभं राहून चमच्याने खाऊन टाकतात.